25 टक्के बिलोनं घेतलेलं काम शेवटी कोणाच्या खिशातून होतं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत मी पहिल्यांदाच निवडून आले आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एकट्या आमच्या गावाचा नाही.

आमच्याकडं घनकचरा गोळा करण्याची निविदा उघडली. घंटागाड्या चालवणं, रस्ते झाडणं, नाल्या काढणं, कचरा डेपोवर वर्गीकरण, असं सगळं मिळून वर्षाचं काम. समितीपुढं तुलनात्मक तक्ता आला. एकच कागद, त्यावर तीन नावं आणि तीन आकडे. सगळ्यात खालचा आकडा अंदाजपत्रकापेक्षा 25 टक्के कमी, म्हणजे 25 टक्के बिलो. "परिषदेचे एवढे पैसे वाचायलेत, घ्या मंजूर करून," असं म्हणून विषय पुढं सरकायला लागला. मी विचारलं, की अंदाजपत्रक तुम्हीच किमान वेतन धरून केलं ना, मग हा माणूस त्यापेक्षा चौथाई कमी पैशात तेच काम कसं करणार? त्यावर उत्तर मिळालं, "ताई, ते त्याचं तो बघंल. आपल्याला एल-वनलाच, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्यालाच द्यावं लागतं."

मागच्या ठेक्यात सफाई कामगारांचे पगार महिनोन् महिने लांबले होते. माझ्या वॉर्डातल्या दोन बायका झाडू घेऊन परिषदेच्या दारात बसल्या होत्या, तेव्हा मी निवडूनही आले नव्हते. त्यांच्या हातात पगाराची चिठ्ठी नाही, भविष्य निर्वाह निधीचा नंबर नाही. विचारलं की ठेकेदार म्हणतो बिल निघालं नाही, आणि परिषद म्हणते तो ठेकेदाराचा विषय.

विषय सध्या पुढच्या बैठकीवर ढकलून घेतला आहे. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. एवढा कमी दर आला तर तो नाकारता येतो का? आणि नाकारता येत नसेल तर कार्यारंभ आदेश देण्याआधी परिषदेनं काय काय लिहून घ्यायला पाहिजे? जाणत्यांनी सविस्तर लिहावं.

निवृत्त_उपअभियंता

ताई, विषय पुढच्या बैठकीवर ढकलला हे फार चांगलं केलंत. कार्यारंभ आदेश गेल्यावर हातात फारसं काही राहत नाही.

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात नोकरी केली. आधी एक गोष्ट मनात पक्की धरा. निविदा उघडण्याचा दिवस सगळ्यात कमी महत्त्वाचा असतो. लोक तिथंच डोळे लावून बसतात, पण तो सगळा व्यवहार आता महाटेंडर्स पोर्टलवर होतो. बयाणा रक्कम ऑनलाइन, पहिला लिफाफा तांत्रिक, दुसरा आर्थिक, कोणी किती दर भरला ते सगळ्यांना दिसतं. खरा खेळ त्याच्या आधी आणि नंतर होतो. आधी म्हणजे अंदाजपत्रक, अटी आणि कामाचे तुकडे. नंतर म्हणजे मोजमाप पुस्तिका, हजेरी आणि देयक.

आता तुमच्या दराचं बघू. समजा अंदाजपत्रक 100 रुपयांचं आहे. सफाईच्या कामात त्यातले साधारण 70 रुपये मजुरीचे असतात. तुमच्या अंदाजपत्रकात नेमके किती धरलेत ते पान उघडून बघा. मजुरी म्हणजे किमान वेतन, त्यावर दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलणारा विशेष भत्ता. त्या वेतनावर मालकाचा हिस्सा म्हणून भविष्य निर्वाह निधी, विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून 13 टक्के, कर्मचारी राज्य विमा 3.25 टक्के, किमान बोनस 8.33 टक्के. म्हणजे कामगाराच्या 100 रुपये वेतनामागं मालकाला जवळपास 125 रुपये मोजावे लागतात. यातला एक रुपयासुद्धा ठेकेदाराच्या मर्जीवर नाही, सगळं कायद्यानं बांधलेलं आहे. मग 25 टक्के बिलो म्हणजे त्याच्याकडं 75 रुपये. त्यातले 70 मजुरीचे दिले तर उरले 5. या 5 रुपयांत डिझेल, गाड्यांची दुरुस्ती, झाडू, हातमोजे, व्याज आणि त्याचा नफा. हे बसत नाही. ठेकेदार कितीही हुशार असो, बसत नाही. मग तो एकतर कागदावर 40 माणसं दाखवून 25 माणसांत काम करणार, नाहीतर पगार कापणार, नाहीतर निधी भरणारच नाही. बहुतेक वेळा तिन्ही थोडं थोडं होतं.

दर नाकारता येतो का? येतो, पण पद्धतीनं. अवाजवी कमी दर असेल तर ठेकेदाराकडून दराचं पृथक्करण लेखी मागवायचं. कोणत्या बाबीला किती धरलं, माणसं किती, प्रत्येकाला वेतन किती, निधी किती, सगळं. त्यात वेतन किमान वेतनाच्या खाली गेलं तर निविदा कायद्याच्या विरोधात जाते आणि नाकारायला लेखी कारण मिळतं. "मला वाटतं दर कमी आहे" हे कारण टिकत नाही. "पृथक्करणानुसार कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी मिळतं" हे टिकतं.

काळी_रान

काका, एक शंका. अंदाजपत्रकच फुगवलेलं असेल तर? आमच्या गावातल्या रस्त्याच्या कामात 22 टक्के बिलो गेला आणि तरी रस्ता चांगला झाला. मग दर वेळी कमी दर म्हणजे चोरी, असं कसं म्हणायचं?

निवृत्त_उपअभियंता

बरोबर शंका आहे. रस्त्याच्या अंदाजपत्रकात सगळ्यात जास्त गंमत लीडमध्ये असते, म्हणजे खडी, मुरूम, वाळू किती किलोमीटरवरून आणायची ते. दरसूचीतला मूळ दर सगळ्यांना सारखाच, पण वाहतुकीचं अंतर अभियंता धरतो. खडीचं क्रशर गावापासून 12 किलोमीटरवर आणि लीड चार्टमध्ये 45 किलोमीटर, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा कामात ठेकेदार 20 टक्के बिलो जाऊनही नीट काम करू शकतो. म्हणून बिलोचा आकडा एकटा बघायचा नाही, अंदाजपत्रकाला लावून बघायचा. लीड चार्ट अंदाजपत्रकासोबतच जोडलेला असतो. मागा आणि मोटारसायकलवर जाऊन अंतर मोजा. त्याला अभियंता व्हावं लागत नाही.

सफाईच्या कामात मात्र ही सवलत नाही. तिथं लीड नाही, माणूस आहे. माणसाचा दर सरकारनं ठरवलेला आहे.

गुत्तेदार_हिंगोली

मी गुत्तेदार आहे, लहान. बांधकाम विभागात आणि जिल्हा परिषदेत नोंदणी आहे, ग्रामपंचायतीची कामंही करतो. इथं सगळे गुत्तेदाराला शिव्या घालतील म्हणून आधीच लिहितो, आणि खरं ते लिहितो.

माणूस बिलो का भरतो? कारण त्याला काम पाहिजेच असतं. जेसीबीचा आणि रोलरचा हप्ता चालू आहे, मशीन उभं राहिलं तरी बँक थांबत नाही. शिवाय मोठ्या कामाला जायचं तर आधीच्या कामांचा अनुभव दाखला लागतो. तो मिळवायला मी तोट्यातही काम घेतलं आहे. माझ्यासारखे पाच जण एकाच निविदेत असले की दर खाली खाली जातो. त्यावर जादा सुरक्षा ठेवीची अट आहे. दर एका मर्यादेच्या खाली गेला की तेवढी जादा रक्कम आधी भरायची. ती मी सावकाराकडून आणतो, व्याज भरतो, आणि ते व्याज पुन्हा त्याच कामातून काढावं लागतं.

आता बिलातलं ऐका. मंजूर झालेल्या बिलातून आयकर जातो, जीएसटीची 2 टक्के कपात जाते, कामगार कल्याणचा 1 टक्का उपकर जातो, सुरक्षा ठेव जाते, गौण खनिजाचं स्वामित्वधन ब्रासला 600 रुपयांनी जातं. 18 जुलै 2022 पासून सरकारी कामांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. त्याआधी घेतलेल्या कामांत फरकासाठी किती चकरा मारायला लागल्या, ते आमच्यातल्या कोणालाही विचारा. हे सगळं जाऊन जे उरतं तेसुद्धा वेळेवर मिळत नाही. जलजीवनची कामं पूर्ण करून बसलेले माझ्या ओळखीचे किती तरी लोक आहेत. टाकी उभी आहे, पाइप पुरलेत, आणि बिल निधी नाही म्हणून पडून. 2025 मध्ये राज्यभरातले कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर आले होते ते उगीच नाही.

आणि टक्केवारी. नाव कोणाचंच घेत नाही, पण ती नाही असं जो म्हणतो त्यानं एक तरी बिल काढून दाखवावं. टेबलागणिक आहे. ती अंदाजपत्रकात कुठंच लिहिलेली नसते, तरी ती कामातूनच निघते.

निघते कशी? गावठाणातला सिमेंट रस्ता घ्या. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, जाडी 15 सेंटिमीटर. झालं 45 घनमीटर काँक्रीट. जाडी 12 सेंटिमीटर केली तर 36 घनमीटर. 9 घनमीटर वाचलं, म्हणजे सरळ 20 टक्के. वरून बघणाऱ्याला रस्ता तेवढाच लांब, तेवढाच रुंद, तसाच पांढरा दिसतो. पहिल्या पावसाळ्यात कळत नाही, दुसऱ्यात कळतं. मी असं करत नाही, म्हणून मला कामं कमी मिळतात. जो करतो तो माझ्यापेक्षा 15 टक्के खाली भरतो आणि एल-वन होतो. मग मला सांगा, या पद्धतीत नीट काम करणाऱ्यानं जगायचं कसं?

मांजराकाठ

दादा, तुम्ही एवढं मोकळेपणानं लिहिलंत, मनापासून आभार. जाडीचं गणित वाचून मी आमच्या वॉर्डातला मागच्या वर्षीचा रस्ता आठवून बघितला. काठाला तडे गेलेत.

निवृत्त_उपअभियंता

तडे एकट्या जाडीनं जात नाहीत. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर खाली मुरमाचा थर नीट दाबून न घेता काँक्रीट टाकलं तर 15 सेंटिमीटर असलं तरी फुटतं. खालचा थर झाकला गेला की कोणाला दिसत नाही, म्हणून चोरी सगळ्यात जास्त तिथंच होते. मुरूम पसरल्याच्या दिवशी जाऊन फोटो काढा, पट्टी लावून काढा. काँक्रीट पडल्यावर फक्त वरचं दिसतं. 15 सेंटिमीटर बाजूचे घनाकृती ठोकळे भरून घेतात, 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून ताकद बघतात. एम-20 म्हणजे चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन. तो अहवाल देयकासोबत जोडावा लागतो. ठोकळा त्याच रस्त्याच्या मालातून भरला की घरून आणला, हे बघायला गावातलं कोणीतरी तिथं उभं पाहिजे.

टंचाईग्रस्त

रस्त्यावरच चर्चा चालली आहे म्हणून बीडकडचं लिहितो. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळ्यात मोठी सरकारी खरेदी कोणती असेल तर टँकर. दुष्काळी वर्षात वाहतुकीचे ठेके निघतात, दर मेट्रिक टन आणि किलोमीटरवर. गावाला माणशी दिवसाला 20 लिटर या हिशोबानं खेपा मंजूर होतात. तिथंसुद्धा कमी दरवाल्याला ठेका. मग त्याला परवडावं म्हणून काय होतं? तीन खेपा मंजूर, दोन येतात. 12 हजार लिटरचा टँकर, त्यात 10 हजार भरतो. कागदावर तीन खेपा चढतात.

टँकरला जीपीएस लावायची सक्ती झाली तेव्हा वाटलं आता थांबेल. थोडं थांबलं खरं. पण जीपीएस टँकर कुठं गेला ते सांगतं, त्यात पाणी किती होतं ते सांगत नाही. आमच्या गावात खरा फरक पडला तो लॉगबुकवर बायकांची सही सुरू झाली तेव्हा. विहिरीत टँकर रिकामा होईपर्यंत माझी भावजय तिथंच उभी राहायची, पाणी कमी दिसलं तर सही करायची नाही. ड्रायव्हर आधी भांडला, मग पूर्ण भरून आणायला लागला. कारण सही नसलेल्या खेपेचं बिल अडकतं हे ठेकेदाराला कळलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की दर काहीही असो, काम मिळाल्याची सही ज्याला सेवा मिळते त्याच्या हातात पाहिजे. ताई, तुमच्या घंटागाडीचंही तसंच करा. प्रत्येक गल्लीत दोन बायकांच्या हातात वही द्या.

मांजराकाठ

हे मला फार आवडलं. बचत गटाच्या बायका तयार होतील.

सीमाभाग

मी उदगीरचा, व्यापार बीदरला. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीसाठी स्वतंत्र कायदाच आहे, 1999 चा. तामिळनाडूचा त्याच्याही आधीचा, 1998 चा. राजस्थाननं 2012 मध्ये केला. कर्नाटकात निविदेत अन्याय झाला तर कायद्यातच अपिलाची तरतूद आहे, बोली लावणारा थेट अपील करू शकतो. आपल्याकडं सगळं शासन निर्णयांवर चालतं. 1 डिसेंबर 2016 ची खरेदीची नियमपुस्तिका आहे, ती चांगलीही आहे, पण तीसुद्धा शासन निर्णयच. ई-निविदेची रकमेची मर्यादा बदलली, ग्रामपंचायतीला स्वतः किती रकमेची कामं करता येतील ते बदललं, प्रत्येक वेळी नवा शासन निर्णय. सामान्य माणसानं कशाला धरायचं? आपल्या राज्यात कायदा व्हावा यासाठी सगळ्यांनी मिळून आग्रह धरायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणि दुसरं, एल-वनच काढून टाका. गुणवत्तेला गुण द्या.

निवृत्त_उपअभियंता

कायद्याबद्दल पूर्ण सहमत. गुणवत्तेच्या गुणांबद्दल जपून. केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांमध्ये कामं आणि सेवांसाठी तशी मुभा दिली, पण ठरावीक कामांपुरती, आणि गुणवत्तेला जास्तीत जास्त 30 टक्के वजन. ते वजन मर्यादित ठेवलं याला कारण आहे. गुण कोण देणार? तीच समिती. तालुक्याच्या पातळीवर "कामाचा आराखडा चांगला मांडला" म्हणून 28 गुण आणि दुसऱ्याला 11 गुण दिले, तर कोणत्या कोर्टात सिद्ध करणार? कमी दराची पद्धत वाईट आहे, पण तिचा आकडा तरी सगळ्यांना सारखा दिसतो.

माझ्या मते गुणवत्ता गुणांत नको, अटींत पाहिजे. किमान इतकी माणसं, इतक्या गाड्या, इतकं वेतन, बँकेतून पगार. हे ज्याला मान्य नाही तो पहिल्याच लिफाफ्यात बाद. उरलेल्यांत कमी दर.

गुत्तेदार_हिंगोली

काका, अटींचंही ऐका. अट घालायची म्हटलं की आमच्याकडं एकाच्याच मापाची अट शिवतात. "स्वतःच्या मालकीचा डांबर प्लँट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत", आणि त्या अंतरात एकाचाच प्लँट. "या जिल्ह्यात याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव", आणि तो अनुभव एकाकडंच. नाहीतर दहा गावांची छोटी छोटी कामं एकत्र करून एकच मोठी निविदा काढायची, म्हणजे आमच्यासारखे आपोआप बाहेर. नाहीतर उलट, एका रस्त्याचे चार तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली ठेवायचा. मजूर संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार अशी 33, 33, 34 टक्क्यांची वाटणी केली, हेतू चांगलाच होता. पण किती मजूर संस्थांत खरे मजूर सभासद आहेत ते सहकार खात्यानं एकदा दारोदार जाऊन बघावं. बेरोजगार अभियंत्याच्या नावावर काम आणि करणारा दुसराच, हेही रोजचं आहे. माझा धाकटा भाऊ अभियंता आहे. त्याला कोणी तरी येऊन विचारलं, "तुझं लायसन दे, दोन टक्के देतो." त्यानं दिलं नाही, याचा मला अभिमान आहे.

निवृत्त_उपअभियंता

अटी एकाच्याच मापाच्या झाल्या तर निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत घ्यायची, तो हक्क बोली लावणाऱ्याला आहे. बोलून उपयोग नाही, लेखीच. हरकतीचं उत्तर पोर्टलवर टाकावं लागतं आणि पुढं कोर्टात तोच कागद कामाला येतो. पण तुमचं दुखणं कळतं. हरकत घेणाऱ्याला पुढच्या कामात त्रास होतो, हेही मी पाहिलं आहे.

सोमवार_तीन_ते_पाच

माझ्या नावातच माझं उत्तर आहे. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महानगरपालिका अशा कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. मी नांदेडला जातो. फाइल मागितल्यावर आधी टोलवाटोलवी झाली, परिपत्रकाची प्रत पुढं ठेवली की फाइल येते.

ज्यांना जाता येत नाही त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज करावा, 10 रुपयांचा. पण "कामाची संपूर्ण माहिती द्या" असं लिहू नका, उत्तरात काहीच येत नाही. कागदाचं नाव घेऊन मागा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, तुलनात्मक तक्ता, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, चाचणी अहवाल, देयक आणि त्यातल्या कपाती. सेवेचं काम असेल तर हजेरीपट, पगार बँकेत जमा केल्याची यादी आणि भविष्य निर्वाह निधीचं चलन. चलनात किती कामगारांचा निधी भरला ते असतं. कागदावर 40 आणि चलनात 18, तर फरक तिथंच सापडतो, दुसरा पुरावा शोधावा लागत नाही.

आणि एक कलम फार लोकांना माहीत नसतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 (जे) मध्ये कागदाच्या प्रतीसोबतच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. रस्त्याचं काँक्रीट हे साहित्यच आहे.

ग्रामपंचायतीच्या लोकांसाठी: वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या दिसतो. 15 व्या आयोगात 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करायचा होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. आपल्या गावात पाणी आणि स्वच्छतेच्या नावाखाली काय काय खरेदी झालं ते एकदा उघडून बघाच.

संगणकवाला_गाव

त्याच पोर्टलवर मी आमच्या गावाचा खर्च बघितला होता. ग्रामपंचायतीच्या संगणक सेवेसाठी महिन्याला 12,331 रुपये जायचे. खुर्चीवर बसून दाखले काढणारा परिचालक मीच होतो आणि माझ्या हातात 6,000 पडायचे, तेही सहा सहा महिन्यांनी. ठेका गावानं दिलेला नव्हता, वरून ठरून आलेला होता, पैसे मात्र गावाच्या निधीतून कापले जायचे. ग्रामसभेला विचारलंसुद्धा नाही. सेवा विकत घेताना जो ती सेवा प्रत्यक्ष देतो त्याच्यापर्यंत किती पोचतं, हा प्रश्न कुठल्याच नमुन्यात भरायला जागा नाही. ती जागा करायला पाहिजे.

झाडूवालीचा_मुलगा

माझी आई दुसऱ्या एका नगरपरिषदेत कंत्राटी सफाई कामगार आहे. हा धागा वाचून पहिल्यांदाच लिहितोय.

आईचा पगार रोख मिळायचा, सही एका आकड्यावर घ्यायचे आणि हातात दुसरा आकडा द्यायचे. मी तिचं बँक खातं काढून दिलं, तर ठेकेदारानं पगार खात्यात टाकला आणि मुकादम एटीएमच्या बाहेर उभा राहून वरचे पैसे परत घ्यायला लागला. म्हणजे बँकेतून पगार या अटीनंही सगळं सुटत नाही. शेवटी सगळ्या बायकांनी मिळून कामगार अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार दिली तेव्हा ते बंद झालं. एकटीनं दिली असती तर दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं असतं.

मांजराकाठ ताई, परिषद "ठेकेदाराचा विषय" म्हणते ते चूक आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून लिहिलेलं आहे की ठेकेदारानं वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं तर मूळ मालकानं ते द्यायचं आणि ठेकेदाराच्या बिलातून वळतं करायचं. नव्या कामगार संहितांतही ती जबाबदारी कायम ठेवली आहे. मूळ मालक म्हणजे तुमची नगरपरिषद. हे वाक्य बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्यायला लावा. कारण मग 25 टक्के वाचले असं कोणाला म्हणता येणार नाही. उद्या कामगारांनी दावा केला तर तेच 25 टक्के परिषदेला व्याजासकट भरावे लागतील.

मांजराकाठ

दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आईंना नमस्कार सांगा. मुकादमाचं मला कोणीच सांगितलं नसतं.

गोदाकाठ_संभाजीनगर

शहराची बाजू थोडक्यात. आमच्या महापालिकेनं पाणीपुरवठा खासगी कंपनीला चालवायला देण्याचा करार 2011 मध्ये केला, समांतर जलवाहिनीसाठी. 2014 च्या सप्टेंबरात कंपनीनं काम हाती घेतलं आणि 2016 मध्ये महापालिकेनं करार रद्द केला. त्यानंतर जायकवाडीहून नव्या योजनेचा 1,680 कोटींचा ठेका, डिसेंबर 2020 मध्ये भूमिपूजन, पुढं किंमत 2,740 कोटींवर. कामाचा वेग राखायला खंडपीठाला लक्ष घालावं लागलं. मधल्या सगळ्या वर्षांत आम्ही आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा येणाऱ्या पाण्यावर दिवस काढले.

मोठ्या करारात दरापेक्षा बाहेर पडण्याचा रस्ता महत्त्वाचा. करार मोडला तर कोण कोणाला किती देणार, मधल्या काळात सेवा कोण देणार, हे आधीच लिहिलेलं पाहिजे. ताई, तुमच्या कचऱ्याच्या करारातही ठेकेदारानं मध्येच काम सोडलं तर दुसऱ्या दिवशी घंटागाडी कोण काढणार ते एका परिच्छेदात लिहून घ्या. शहर तुंबायला दोन दिवस पुरतात.

मांजराकाठ

सगळ्यांचं वाचून मुख्याधिकाऱ्यांना द्यायचं पत्र तयार केलं आहे. यात काही राहिलं तर सांगा.

ठेकेदाराकडून दराचं पृथक्करण सात दिवसांत मागवावं. त्यात कामगारसंख्या आणि प्रत्येकाचं वेतन भत्त्यासह दाखवावं. ते किमान वेतनाच्या खाली जात असेल तर निविदा नाकारून फेरनिविदा काढावी. करारात पुढील अटी असाव्यात: दर महिन्याचं देयक आधीच्या महिन्याचं निधी चलन आणि बँकेतल्या पगाराची यादी जोडल्याशिवाय निघणार नाही. प्रत्येक कामगाराला पगाराची चिठ्ठी आणि ओळखपत्र. वॉर्डनिहाय वही, तिच्यावर गल्लीतल्या दोन महिलांच्या सह्या, सह्या नसलेल्या दिवसाची कपात. कामगारांची तक्रार थेट परिषदेकडं घेण्याची सोय, तक्रार करणाऱ्याला कामावरून काढता येणार नाही. ठेकेदारानं काम सोडलं तर त्याच्या खर्चानं पर्यायी व्यवस्था.

आणि आमच्या बाजूनं एक: देयक सादर झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत परिषद पैसे देईल. गुत्तेदार दादांचं म्हणणं वाचून हे घातलं. आपण पैसे अडवून ठेवायचे आणि त्यानं पगार वेळेवर द्यावा म्हणायचं, हे मला पटत नाही.

गुत्तेदार_हिंगोली

ताई, एवढ्या वर्षांत देयकाची मुदत स्वतःवर घालून घेणारं पत्र मी पहिल्यांदा वाचलं. अशी निविदा निघाली तर मी हिंगोलीहून येऊन भरीन, आणि बिलो भरणार नाही.

निवृत्त_उपअभियंता

पत्र चांगलं आहे. तीन दुरुस्त्या. एक, माणसं दुसऱ्या ठेकेदारानं परस्पर पुरवायची नाहीत, म्हणजे पोटठेका बंद, हे स्पष्ट लिहा. दोन, विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत वाढतो, तेव्हा वाढीव वेतनाचा फरक कोण देणार ते लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी पगार पुन्हा किमान वेतनाखाली जाईल आणि सगळे म्हणतील करारात नव्हतं. तीन, पत्र देऊन आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. तरीही बहुमतानं तोच दर मंजूर झाला तर तुमचा विरोध कारणांसह लेखी द्या आणि इतिवृत्तात शब्दशः घ्यायला सांगा. नगरपरिषद कायदा 1965 च्या कलम 308 खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यांच्याकडं जाताना तुमच्या हातात पोच, पृथक्करण आणि तो लेखी विरोध, असे तिन्ही कागद पाहिजेत.

मांजराकाठ

तिन्ही दुरुस्त्या घातल्या. पत्र सोमवारी देते, पोच घेऊन. बैठकीत काय झालं ते इथंच लिहीन.